पारखी मॅडमच्या हातचे लाडू

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सायकल स्टँडच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली मला तिळाचे अकरा लाडू सापडले. चार-पाचांना मुंग्या लागल्या होत्या. दोन कागदी रुमालात गुंडाळलेले होते. एकावर दाताची खूण होती, बाकीचे अख्खे होते. मी ते मोजले. मोजायची सवय मला नोकरी लागायच्या आधीपासूनची आहे.

आदल्या दिवशी पारखी मॅडमनी केंद्रातल्या आणि कॉलनीतल्या मिळून बारा जणांना लाडू दिले होते. मी शेजारी डबा धरून उभी होते, त्यामुळे आकडा पक्का होता. बारावा माझ्या ऍप्रनच्या खिशात होता. तोही अख्खाच.

"काय हुडकताय, ताई?"

मागे लोखंडे भाऊसाहेब उभे होते. केंद्राचे कारकून. आवक-जावक, हजेरी आणि सगळ्या कॉलनीच्या बातम्या, तिन्ही खाती त्यांच्याकडे.

"हे कुणी टाकले, भाऊसाहेब?"

"कुणी म्हंजे? सगळ्यांनीच." ते हसले, मग जरा वरमले. "खरं सांगतो, मी तोंडात घातला हुता. दात लागला आन् डोळ्यांम्होरं त्या ट्रेमधल्या अळ्या आल्या. थुकलो मग."

"त्यात नुसते तीळ आणि गूळ होता. मी स्वतः बघितलंय."

"बघितलंय ना? मग तुमचा कुठाय?"

मी खिशावर हात ठेवला.

"बावीस वर्सं झाली मला हितं," भाऊसाहेब म्हणाले. "मॅडमसारखं मानूस न्हाई. माझ्या पोरीला बारावीचं जीवशास्त्र त्यांनीच शिकवलं, घरी बसवून. पन त्यो हात सकाळी कशात असतो ते आपन बघतो ना, ताई. काय करनार."

आमचं केंद्र कऱ्हाडच्या पुढे, गावाबाहेरच्या माळावर होतं. दोन शेड, एक प्रयोगशाळा आणि पाठीमागे कर्मचाऱ्यांची कॉलनी. मोठ्या शेडमध्ये काळ्या सैनिक माशीच्या अळ्या वाढवायच्या. हॉटेलांतलं उरलंसुरलं अन्न, भाज्यांचे देठ, सडकी फळं, असं काय वाट्टेल ते त्या खातात आणि पंधरा दिवसांत गुबगुबीत होतात. त्या वाळवून, दळून कोंबड्यांचं आणि माशांचं खाद्य करायचं. लहान शेडमध्ये रातकिडे होते. त्यांना स्वच्छ कोंडा आणि गाजर द्यायचं, त्यांचं पीठ करायचं, आणि ते पीठ माणसांसाठी होतं.

हे सगळं डॉ. वत्सला पारखींनी उभं केलं होतं. वय छप्पन्न. लग्न केलेलं नव्हतं. कॉलनीतल्या टोकाच्या घरात एकट्या राहायच्या. त्यांच्या वरणात अळ्या असतात, अशी कॉलनीत दंतकथा होती. प्रत्यक्षात त्या इतक्या कडक शाकाहारी होत्या, की चातुर्मासात कांदाही खायच्या नाहीत. दुपारी त्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी बसून जेवायच्या. त्यांच्या डब्यात भाजी नेहमी दोघांना पुरेल एवढी असायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला होता. मी म्हणाले होते, "आज उपास आहे, मॅडम." पुढे त्यांनी कधी सरकवला नाही, पण भाजी तेवढीच आणत राहिल्या.

मी तेवीस वर्षांची होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच त्यांच्या हाताखाली लागले होते. त्या मला आडनावाने हाक मारायच्या.

"बोरवणकर," त्या दिवशी त्या म्हणाल्या, "मार्चमध्ये समिती येतेय. अळ्यांच्या शेडला धोका नाही, कोंबड्यांचे आकडे चांगले आहेत. पण माणसांच्या खाण्याचा विभाग चालू ठेवायचा तर लोक खातात, हे दाखवावं लागेल. नुसती प्रथिनं दाखवून भागणार नाही."

"नाहीतर?"

"नाहीतर रातकिडे बंद." त्या चष्मा पुसत होत्या. "मी ह्या कामात आले ती कोंबड्यांसाठी नव्हे. वीस ग्रॅम पिठात दोन अंड्यांइतकी प्रथिनं आहेत. अंगणवाडीतल्या पोराला लाडू दिला तर तो हट्टाने दुसरा मागतो. त्या लाडवात हे पीठ गेलं पाहिजे. एवढंच आहे."

त्यांनी लाडूच निवडला. भाजलेल्या तिळाच्या खमंग वासात पिठाचा वास मुरून जातो. तीस माणसांची चव-चाचणी ठरली. प्रत्येकाला दोन लाडू, एक साधा आणि एक पीठ घातलेला. गुण एक ते नऊ, नऊ म्हणजे अतिशय आवडला. लाडवांवर नाव नाही, फक्त आकडे, ३१८ आणि ७४२. कुठला आकडा कशाचा, हे खाणाऱ्याला माहीत नसतं आणि वाढणाऱ्यालाही नसावं लागतं, नाहीतर वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. आकडे मी घातले होते, म्हणून मी वाढायचं नाही. आणि आमच्या प्रयोगशाळेत माणसं दोनच. म्हणजे वाढायला मॅडम.

लाडूही त्यांनीच वळले. पाक मला जमला नसता.

चाचणीच्या दिवशी मॅडम इस्त्रीची मोतिया साडी नेसून आल्या. हातात नवे मोजे, केसांना टोपी. कॉलनीतली आणि केंद्रातली तीस माणसं सभागृहात लांब-लांब बसवली होती. फॉर्मवर स्वच्छ लिहिलं होतं: ह्यांपैकी एका लाडवात रातकिड्यांचं पीठ असू शकतं. कोळंबी-खेकड्याची ऍलर्जी असल्यास भाग घेऊ नये. सर्दी-पडसं असलेल्यांनी भाग घेऊ नये. सगळ्यांनी सह्या केल्या.

मॅडम एकेकापाशी जाऊन कागदी वाटीत लाडू ठेवत होत्या. लोक नखाएवढा तुकडा तोडत, जिभेच्या टोकावर ठेवत, लगेच पाणी पीत आणि गुण लिहीत.

"एवढ्याशाने चव कळणार नाही," मॅडम म्हणत होत्या. "अजून थोडा घ्या ना."

चाचणी घेणाऱ्याने असं म्हणायचं नसतं. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी तीस जणांपैकी निदान वीस जणांना त्या तसं म्हणाल्या.

संध्याकाळी मी आकडे मांडले. साध्या लाडवाची सरासरी ३.४, पिठाच्या लाडवाची ३.३.

"म्हणजे फरक नाही," मॅडम म्हणाल्या. "पीठ ओळखू येत नाही."

"पण दोन्ही नावडलेत, मॅडम. साध्या तिळाच्या लाडवाला साडेतीनसुद्धा नाहीत?"

"किड्यांची भीती. फॉर्मवरच लिहिलंय आपण. स्वाभाविक आहे." त्यांनी फाइल मिटली. "समितीला हे पुरणार नाही, एवढं खरं."

त्या त्यांच्या घराकडे चालत गेल्या. मी तिथेच बसून राहिले. मॅडमचं उत्तर मला पटलं नव्हतं. त्या खोलीत किड्यांच्या भीतीशिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि ती आम्ही बदलून पाहिली नव्हती. टाकीखालचे अकरा लाडू मी मोजले होते. त्यांच्याबरोबर कुठलाही फॉर्म नव्हता.

मला एक मांडणी सुचली. आजही सांगते, मांडणी म्हणून ती सुरेख होती. तेच लाडू, तोच घाणा, तेच दोन आकडे, तोच फॉर्म, त्याच कॉलनीतली पण पहिल्या चाचणीत नसलेली तीस माणसं. बदल एकच. वाढणारे हात.

मी मॅडमना विचारलं नाही. आधी आकडे येऊ देत, मग दाखवू, असं ठरवलं.

शनिवारी मॅडमची सुट्टी होती. उरलेले लाडू घेऊन मी गावातल्या महिला बचत गटाच्या खोलीत गेले. तिथे थोरात काकू होत्या. पापड-कुरडयांचा त्यांचा मोठा पसारा होता आणि बोलण्याचा त्याहून मोठा. मी त्यांना सगळं समजावलं. फक्त कुठल्या आकड्यात काय, ते सांगितलं नाही.

"रातकिड्याचं पीठ?" काकूंनी लाडू नाकाशी धरला. "मग रातच्याला पोटात किर्रकिर्र करंल का गं?"

"नाही हो काकू. भाजून दळलेलं असतं."

"असू दे, असू दे. देते मी वाढून."

कॉलनीतल्या बायका आल्या, चार-सहा पुरुष आले. फॉर्म वाचून एकजण मागे सरली, तसं काकूंनी तिला दंडाला धरून बसवलं.

"कोळंबी खाताना इचारतीस का, बाई कुठं हिंडत हुतीस म्हनून? बस खाली. आन् तोंड बघ कसं केलंय, जसं काय मी एंडरीनचं इख देतीया."

सगळ्या हसल्या. मग खायला लागल्या. नखाएवढा तुकडा कुणीच तोडला नाही. भाऊसाहेबांच्या मंडळींनी, म्हणजे लोखंडेवहिनींनी, दोन्ही लाडू संपवून वाटीतले तीळसुद्धा बोटाने टिपले.

"काकू, तुमच्या हाताला चवच न्यारी हो," त्या म्हणाल्या. "पाक कसा जमतो वं तुमाला इतका मऊ?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या काहीतरी बोलणार होत्या. मी मान हलवून नको म्हटलं. चाचणी चालू असताना काही सांगायचं नसतं.

रविवारी मी गणित केलं. साधा लाडू ७.८. पिठाचा ७.७. मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. समितीला जे हवं होतं ते माझ्यासमोर होतं. लोक खातात. किड्यांचं पीठ असू शकतं हे माहीत असूनही खातात, आवडीने खातात. मी चार खांबांचा आलेख काढला. दोन बुटके, दोन उंच. खाली नावं लिहिली, कारण आलेखाला नावं लागतात: 'वाढणारी व्यक्ती – डॉ. पारखी', 'वाढणारी व्यक्ती – अन्य'.

सोमवारी सकाळी मी धावतच मोठ्या शेडमध्ये गेले. मॅडम ट्रेपाशी उभ्या होत्या. कोपरापर्यंत हात अळ्यांत घालून ओल बघत होत्या. शेडमध्ये आंबलेल्या भाताचा वास होता.

"मॅडम, मिळालं!"

मी कागद त्यांच्यासमोर धरला, कारण त्यांचे हात मोकळे नव्हते. त्यांनी तो पाहिला. मी एका दमात सगळं सांगितलं. सुट्टीतली चाचणी, काकू, तीस माणसं, सारखा घाणा.

"फॉर्मवर पिठाचं लिहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"तोच फॉर्म. सह्या आहेत."

"माणसं?"

"आपल्याच कॉलनीतली. वयोगटसुद्धा जुळवलाय."

"लाडू कुणी वळलेत, ते सांगितलं होतंस?"

"कुणी विचारलं नाही."

"त्यांना वाटलं, थोरातबाईंनी."

"हो." मी उत्साहात पुढे म्हणाले, "एकजण तर म्हणाली, तुमच्या हाताला चव न्यारी. म्हणजे लाडू तुम्ही वळलेले, आणि तरी—"

मी तिथे थांबले. अळ्या त्यांच्या मनगटाभोवती वळवळत होत्या आणि त्यांनी हात बाहेर काढला नव्हता.

"फरक सांख्यिकीच्या दृष्टीने पक्का आहे?"

"हजारात एकाहूनही कमी शक्यता, योगायोगाची."

"चांगली मांडणी आहे, बोरवणकर," त्या म्हणाल्या. "एकच गोष्ट बदललीस. असंच करायचं असतं." मग त्या पुन्हा ट्रेकडे वळल्या. "कोपऱ्यात ओल जास्त झालीय. कोंडा आण बघू थोडा."

मी कोंडा आणला. त्यांनी तो हाताने सारखा पसरला. दुपारी त्या खिडकीशी बसून जेवल्या. त्या दिवशी मी त्यांच्या समोर जाऊन बसले, माझा डबा उघडला आणि म्हणाले, "मॅडम, भाजी द्याल का थोडी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"आज नको," त्या म्हणाल्या. "आज तू काहीही म्हणशील."

मार्चमध्ये समिती आली. तीन पुरुष, एक बाई. अध्यक्ष चहाच्या कपाकडे आधी बराच वेळ बघणारे. मॅडमनी आधी कोंबड्यांचे आकडे दाखवले, मग माशांचे, मग पडद्यावर माझा आलेख आला. मी जीव मुठीत धरून बसले होते. मला वाटलं होतं, त्या खालची नावं बदलतील. 'केंद्र' आणि 'गाव' लिहिलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी ती तशीच ठेवली होती.

"पिठामुळे आवडीत फरक पडत नाही," त्या म्हणाल्या. "फरक पडतो तो वाढणाऱ्या व्यक्तीमुळे. ह्या परिसरात माझ्या हातचं खाल्लं जात नाही. ही अडचण दूर करता येण्यासारखी आहे."

अध्यक्षांनी घसा खाकरला.

"म्हणजे मॅडम, तुमचं म्हणणं..."

"उत्पादन आणि वाटप बचत गटाकडे द्यावं. पाकिटावर केंद्राचं नाव नको, माझं तर नकोच. विभाग बोरवणकरांकडे द्यावा. त्यांना अजून कुणी अळ्यांच्या नावाने ओळखत नाही. पुढेही त्यांना मोठ्या शेडमध्ये पाठवू नये."

"आणि तुम्ही?"

"मी कोंबड्यांकडे बघीन," त्या म्हणाल्या. "कोंबड्या विचारत नाहीत, कुणाच्या हातचं."

बाई हसल्या. मग हसायचं नव्हतं हे त्यांच्या लक्षात आलं. विभागाला तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली.

बाहेर ओसरीवर मी त्यांना गाठलं. "मॅडम, माझं चुकलं."

"कुठे? आकडा चुकला का?"

"नाही."

"मांडणीत काही राहिलं?"

"नाही, पण मी तुम्हाला आधी..."

"मग माफी कशाची मागतेस? बावीस वर्षं मला वाटत होतं, लोकांना किड्यांची किळस आहे, तीच घालवायची आहे. ती तर कधीच नव्हती फारशी. हे मला कुणीतरी आधी मोजून सांगायला हवं होतं." त्या पायऱ्या उतरल्या, दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "पाक मात्र त्यांना शिकवावा लागेल. थोरातबाई गूळ फार तापवतात, असं ऐकलंय. मी तुला लिहून देते, तू शिकव."

त्यांनी दोन पानं लिहून दिली, गुळाचा रंग कुठल्या क्षणी बदलतो त्याच्यासकट. पावसाळ्याच्या आधी पहिली पाकिटं सात अंगणवाड्यांत गेली. मॅडम त्या दिवशी अळ्यांच्या शेडमध्ये होत्या. मी जाऊन सांगितलं, "पोरांनी दुसरा मागितला." त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "किती पोरांनी?" मी आकडा सांगितला. तो त्यांनी ट्रेच्या वहीतच लिहून ठेवला.

जुलैत आम्ही ह्या कामावरचा शोधनिबंध लिहायला बसलो. माझं नाव आधी, त्यांचं नंतर. तसा त्यांचाच हट्ट होता. निबंध पाठवण्याआधी त्या मूळ नोंदी ओळीओळीने तपासायच्या. समोर बसून, हातात पेन्सिल, प्रत्येक ओळीपुढे बारीक खूण. त्या पहिल्या चाचणीच्या यादीवरून पेन्सिल फिरवत होत्या. तीन, चार, दोन, तीन, पाच, दोन. सतराव्या ओळीवर पेन्सिल थांबली.

"सतरा नंबर," त्या म्हणाल्या. "दोन्हींना आठ."

"हो, मॅडम."

"सगळे दोन-तीन-चार. आणि हा आठ." त्या बराच वेळ त्या ओळीकडे बघत होत्या. बाहेर जनरेटरचा आवाज येत होता. "माझ्याच हातून घेतलेला ना?"

"हो."

"कोण आहे ते विचारत नाही मी."

"मला सांगताही येणार नाही."

"नकोच सांगू." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग मला विचारलं, मला खरंच विचारलं, बरोबरीच्या माणसाला विचारावं तसं, "एवढी वेगळी नोंद आहे. काढून टाकायची का?"

फॉर्मांचा गठ्ठा माझ्या कोपराखाली होता. आदल्या दिवशी मी नोंदी मूळ फॉर्मांशी ताडून पाहिल्या होत्या आणि सतरा नंबरचा फॉर्म पहिल्यांदाच उलटा करून बघितला होता. मागे निळ्या शाईत लिहिलं होतं, 'दोन दिवस नाक चोंदलंय, चव-वास काही कळत नाही. उगीच नाव ठेवायला नको म्हणून आठ.' आमच्याच नियमाप्रमाणे त्या माणसाला बसवायलाच नको होतं. नोंद बाद करायची, हे मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. तेच सांगायला मी आले होते.

"कारण असल्याशिवाय नोंद काढता येत नाही, मॅडम," मी म्हणाले.

"कारण आहे का काही?"

"नाही."

त्यांनी सतरापुढे खूण केली. इतर खुणांपेक्षा जरा ठळक. मग पेन्सिल अठराव्या ओळीवर नेली.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मॅडम निवृत्त होऊन सांगलीला बहिणीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मी अजून ह्याच कामात आहे. तो निबंध पुष्कळांनी वाचला, त्याचा आधार पुष्कळांनी घेतला. त्यातल्या दुसऱ्या तक्त्यात पहिल्या रकान्यात माणसं तीस आणि सरासरी ३.४ असं छापलं आहे. तिथे एकोणतीस आणि ३.२४ असायला हवं.